बोटं बधिर होतात म्हणून लगेच क्लिपचे बूट घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलने ऑफिस, मुलुंड ते वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), एलबीएस मार्गाने, एकेरी साधारण १८ किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. सायकल हायब्रिड, पायात धावण्याचे मऊ बूट. घाटकोपर येईपर्यंत उजव्या पायाच्या मधल्या बोटांना मुंग्या येतात आणि कुर्ल्याला बोटं बधिर होतात. क्लिपचे बूट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, घ्यावेत की जेलचा इनसोल (बुटातली गादी) पुरेल? परतताना साडेसात वाजतात, म्हणून पुढे १००० लुमेनचा दिवा घ्यायचा विचार आहे. मागे सायकलबरोबर आलेला छोटा लाल दिवा आहे. एकूण बजेट दहा हजार.

सगळ्यात आधी मागचा दिवा बदला. बुटांचा निर्णय दोन आठवड्यांनी घेतला तरी चालेल, दिव्याचा नको. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण तिथे तुमचा हिशेब उलटा झालाय. आधी पायाचं बघू.

चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. हाडांची पुढची टोकं एकमेकांवर दाबली गेली किंवा खालून एकाच जागी सतत दाब आला की या नसा चिमटतात. आधी मुंग्या, मग जळजळ, मग बधिरपणा, असा तो क्रम. चालताना पाऊल उचललं जातं, दाब जागा बदलतो. पेडलवर तासभर तीच जागा दाबत राहते. त्यात मुंबईची उष्णता आणि दमटपणा, म्हणजे पाय सुजतो. घरातून निघताना अगदी मापात बसलेला बूट अर्ध्या तासानंतर घट्ट झालेला असतो.

म्हणून बधिर बोटांचा प्रश्न बहुतेक वेळा आधी जागेचा असतो, मग तळाच्या कडकपणाचा, मग कमानीच्या आधाराचा. क्लीटचा, म्हणजे क्लिपच्या बुटाच्या तळाला बसणाऱ्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा, नंबर शेवटचा. क्लिपचा अरुंद बूट घेतलात तर दुखणं वाढेल, कारण त्यात पाय हलवून आराम देण्याची सोयही जाते.

आजच रात्री घरी आल्यावर एक गोष्ट करा. दिवसभर वापरलेला पाय सुजलेला असतो, तोच खरा मापाचा पाय. बुटातले इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यांवर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. करंगळीची बाजू किंवा अंगठ्यामागचा उंचवटा इनसोलच्या कडेबाहेर सांडतोय का बघा. सांडत असेल तर तेवढा पाय बूट रोज आत ढकलतोय. पुढे सर्वांत लांब बोटापासून इनसोलच्या टोकापर्यंत ८ ते १० मिलिमीटर मोकळे हवेत. दोन्ही पाय मोजा. दोन पायांत थोडा फरक बहुतेकांना असतो, आणि त्रास फक्त उजव्याच पायाला आहे म्हणजे तुमचा उजवा मोठा असण्याची शक्यता आहे. माप नेहमी मोठ्या पायाचं घ्यायचं. एका पायाला त्रास होण्याचं आणखी एक साधं कारण असू शकतं. सिग्नलला आपण डावा पाय रस्त्यावर टेकतो, तो मोकळा होतो. उजवा पेडलवरच राहतो.

दुकानात गेल्यावर आठ-नऊ हा आकडा विसरा, सेंटीमीटर धरा. युरोपीय मापात एका नंबरचा फरक साधारण पावणेसात मिलिमीटर असतो आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. बूट रुंदीला कमी पडतो म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा, ही आपल्याकडची सगळ्यात सर्रास चूक. आयुष्यभर चपला-सँडल वापरलेला पाय चवड्याशी पसरट असतो, हे खरं. पण लांबी वाढवून रुंदी मिळवली की टाच उचलली जाते, आणि क्लीटचा बूट असेल तर क्लीटची भोकं बोटांकडे सरकतात. म्हणजे नेमक्या नको त्या जागी दाब येतो. त्यापेक्षा त्याच नंबरात ‘वाइड’ साचा मागा.

आता तळ. धावण्याच्या बुटाचा तळ मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण त्याला धक्का शोषायचा असतो. पेडलवर धक्का नसतो, दाब असतो. लहान पेडलवर तो मऊ तळ पेडलभोवती वाकतो आणि पेडलची कड चवड्याला टोचत राहते. बुटाची टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून वाकवा. मधोमध, म्हणजे कमानीखाली, बूट वाकला तर तो सायकलसाठी नाही. फक्त पुढच्या तिसऱ्या भागात थोडा वाकला तर उत्तम, कारण तुम्हाला ऑफिसच्या लॉबीत आणि जिन्यावर चालायचंही आहे. मग अंगठ्याने तळ आतून दाबून बघा. अंगठा रुतला तर पेडलची कडही रुतणार.

तुमच्या रस्त्यासाठी माझं स्पष्ट मत असं: सपाट, कडक तळाचे, पुढे रुंद बूट आणि पिनांची, म्हणजे बूट धरून ठेवणारे बारीक खिळे वर आलेली, रुंद सपाट पेडलं. भांडुप ते कुर्ला या पट्ट्यात दर काही मिनिटांनी पाय टेकावा लागतो. रिक्षा अचानक डावीकडे थांबते, बसस्टॉपवर बस आत घुसते, कुठे बॅरिकेड लावून रस्ता अर्धा झालेला असतो. अशा ठिकाणी पाय कधीही सुटा हवा. पावसात गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेडलवरून बूट सटकतो आणि पेडल नडगीवर बसतं. पिना ते थांबवतात.

पेडल बदलणं घरी जमतं. १५ चा पातळ पाना लागतो, काही पेडलांना ६ किंवा ८ ची एलन की (षटकोनी किल्ली). डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, इथेच लोक फसतात. लक्षात ठेवायला सोपं असं: पाना वरच्या दिशेला उभा धरा, मागच्या चाकाकडे ओढलात तर दोन्ही बाजूंची पेडलं सुटतात, पुढच्या चाकाकडे ओढलात तर आवळतात. नवं पेडल लावताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर ते वाकडं बसतंय. तसंच पान्याने रेटलं तर क्रँकचे आटे जातात, आणि मग पूर्ण क्रँक बदलायची वेळ येते.

बूट आणि पेडल बदलण्याआधी दोन फुकटचे उपाय करून पाहा. एक, पायाची जागा. बहुतेक लोक बोटांच्या मुळांनी पेडल मारतात. पाय सेंटीमीटरभर पुढे सरकवा, म्हणजे पेडलचा आस चवड्याच्या उंचवट्याच्या थोडा मागे येईल. दुसरा, गिअर. विक्रोळी-घाटकोपरकडे जड गिअरमध्ये मिनिटाला ५५-६० फेऱ्यांनी रेटत असाल तर प्रत्येक फेरीला पायावर जास्त भार येतो. गिअर हलका करून ७५ ते ८५ फेऱ्या ठेवा. सीटही तपासा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा नुकता सरळ व्हायला हवा. सीट त्याहून उंच असेल तर पाय खाली पोहोचवण्यासाठी बोटं टोकावतात आणि सगळा भार चवड्यावर जातो.

लेसचीही एक युक्ती आहे. जिथे दुखतं तिथली भोकांची जोडी सोडून द्या, लेस तिथे आडवी न नेता सरळ वर न्या. बोटांकडे सैल, घोट्याकडे घट्ट, असा बूट बांधायचा. आणि उजव्या बुटाच्या लेसची टोकं आत खोचा, ती चेनमध्ये जातात.

इनसोलकडे येतो. जेलचा घेऊ नका. दुकानात अंगठ्याने दाबून तो छान वाटतो, पण पायाखाली जेल बाजूला सरकतं, हाडांना आधार देत नाही आणि उष्णता धरून ठेवतं. शिवाय जाडीमुळे बुटातली उंचीची जागा खातं. तुम्हाला कमानीखाली घट्ट आधार असलेला, टाचेला वाटीसारखा खोलगट इनसोल हवा. कमान ओळखायला बाथरूममधून ओल्या पायाने कोरड्या लादीवर या. संपूर्ण पाऊल उमटलं तर कमान सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी बारीक पट्टी उमटली किंवा काहीच उमटलं नाही तर कमान उंच. उंच कमानीत मधला भाग अधांतरी राहतो आणि सगळा भार टाच व चवड्यावर येतो, म्हणून उंच कमानवाल्यांना आधाराचा फरक लवकर जाणवतो. सपाट पायाला फार उंच आधार दिला तर मात्र कमानीत दुखायला लागतं. मध्यमपासून सुरुवात करा. आणि नवीन इनसोल टाकताना जुना काढून टाका, एकावर एक ठेवू नका.

मधल्या बोटांच्या बधिरपणावर एक छोटी वस्तू मोठं काम करते: थेंबाच्या आकाराचा मेटाटार्सल पॅड. तो हाडांची टोकं किंचित उचलून फाकवतो, नसांना जागा मिळते. लावायची जागा चुकली की मात्र उलटा त्रास. चवड्यावर जिथे दाबल्यावर सगळ्यात जास्त दुखतं तिथे ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, इनसोल बुटातच ठेवून पाय आत घाला, उभे राहा, पाय काढा. इनसोलवर लाल खूण उमटेल. पॅड त्या खुणेवर लावायचा नाही, खुणेच्या मागे, टाचेच्या बाजूला. पॅडची रुंद गोल बाजू बोटांकडे, निमुळती टाचेकडे, आणि गोल कड खुणेच्या साधारण सेंटीमीटरभर मागे. ३ ते ४ मिलिमीटर जाडीने सुरुवात करा. आधी दुहेरी चिकटपट्टीने लावून तीन-चार दिवस चालवा, पाच मिलिमीटर इकडे-तिकडे करून बघा, जागा पक्की झाली की मगच गोंद. स्टेशनबाहेरचा मोची सोल्यूशनने दोन मिनिटांत पक्कं चिकटवून देतो. एका वेळी एकच बदल करा. बूट, इनसोल आणि सीट एकाच रविवारी बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सायकलवरून उतरून तासभर झाला तरी बोटं बधिर राहात असतील, रात्री झोपेत जळजळ होत असेल, कंबरेपासून खाली मुंग्या येत असतील किंवा मधुमेह असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्लिपबद्दलही सांगतो, कारण पुढे कधीतरी रविवारी लांब जावंसं वाटेलच. या पेडलांचं क्लिपलेस हे नाव गोंधळात टाकणारं आहे. जुन्या पेडलांवर बोटं अडकवायची पिंजऱ्यासारखी क्लिप असायची, ती नाही म्हणून क्लिपलेस. लुक कंपनीने १९८४ मध्ये बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याच्या पद्धतीवरून हे तंत्र रस्त्याच्या सायकलींवर आणलं आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. शिमानो कंपनीचं एसपीडी हे पेडल, ज्याची क्लीट बुटाला दोन बोल्टनी बसते, १९९० चं. शहरासाठी दोन बोल्टचंच घ्या. त्याची धातूची छोटी क्लीट तळाच्या खोबणीत बसते आणि चालता येतं. तीन बोल्टची प्लॅस्टिकची मोठी क्लीट ग्रॅनाइटच्या लॉबीत घसरते आणि चालण्याने लवकर झिजते.

एसपीडीमध्ये एसएच५१ ही काळी क्लीट फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ ही चंदेरी, अनेक दिशांनी सुटते. नवशिक्याने चंदेरीच लावावी, फक्त पेडल जोरात वर ओढलं तर ती नको तेव्हाही सुटू शकते, हे डोक्यात ठेवावं. बसवताना बूट घालून चवड्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्याची जागा बोटाने चाचपा, बुटाच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून पेनने खूण करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मध्ये यावा. बोटं बधिर होणाऱ्याने क्लीट खोबणीत शक्य तितकी मागे न्यावी. दहा मिलिमीटर मागे नेली तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या. कोन ठरवायला टेबलावर बसून पाय लोंबकळत सोडा. बोटं जिकडे वळतात तिकडेच क्लीट वळवा, सरळ करण्याचा हट्ट गुडघ्याला महागात पडतो. बोल्टला ग्रीस लावून ४ च्या एलन कीने ५ ते ६ न्यूटन मीटर आवळा. सैल राहिली तर टाच वळते पण क्लीट सुटत नाही, आणि माणूस सिग्नलला उभ्या-उभ्या आडवा होतो. पेडलचा ताण ३ च्या एलन कीने अगदी कमी ठेवा, दोन्ही पेडलांच्या दोन्ही बाजूंना सारखा. मग भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय ५० वेळा अडकवा आणि सोडवा. त्यानंतरच रस्ता.

समुद्राच्या हवेत क्लीटचे बोल्ट गंजून जाम होतात. दर महिन्याला एकदा ढिले करून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा आवळा, आणि बोल्टच्या भोकात मेणाचा थेंब सोडा म्हणजे माती भरून की घसरणार नाही.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. जून ते सप्टेंबर मुंबईत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाणी वरून, घोट्यातून आत जाणारच, आणि वॉटरप्रूफ बुटातून ते बाहेर येत नाही. जाळीचे बूट भिजतात आणि वाळतात. ऑफिसला पोचल्यावर इनसोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. हीटर किंवा हेअर ड्रायर नको, तळाचा गोंद सुटतो. बोटांच्या मधल्या फटी कोरड्या करायला विसरू नका, ओल्या मोज्यात दिवसभर बसलं की चिखल्या होतात.

आता दिवे. पुढचा १००० लुमेनचा आणि मागचा फुकटचा, ही जोडी एलबीएसवर उलटी आहे. तिथे रस्त्यावर दिवे आहेत, तुम्हाला रस्ता बराचसा दिसतोच. तुम्ही मागच्या ट्रकला, डंपरला आणि बाजूने घुसणाऱ्या रिक्षाला दिसणं जास्त गरजेचं आहे. जूनमध्येही साडेसातला अंधारून येतं, आणि डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुमची पूर्ण परतीची वाट अंधारातली.

मागे दोन दिवे लावा. एक सीटपोस्टवर, न लुकलुकता जळणारा. दुसरा लुकलुकणारा. लुकलुक लक्ष वेधते, पण अंतराचा अंदाज देत नाही. स्थिर दिवा तो देतो. रात्री प्रत्येकी ३० ते ५० लुमेन पुरतात, मुसळधार पावसात १००च्या आसपास चालू करता आले तर चांगलं. लावण्याइतकीच त्यांची दिशा महत्त्वाची. दिवा जमिनीला समांतर हवा. बॅगेला अडकवलेला दिवा तुम्ही पुढे वाकलात की आकाशाकडे बघतो. दिवे लावून, बॅग आणि रेनकोट घालून सायकलवर बसा, घरच्या कुणाला ३० पावलं मागे उभं करा आणि दिवा दिसतोय का विचारा. रेनकोटची मागची झूल नेमकी दिव्यावर येते, हे असं बघितल्याशिवाय कळत नाही.

पुढे ४०० ते ५०० लुमेन तुमच्या रस्त्याला पुरतात. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो ते झोताच्या आकारावर ठरतं. टॉर्चसारख्या गोल झोताचा निम्मा प्रकाश झाडांवर आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. वरून कापलेला सपाट झोत असलेला दिवा, जसा जर्मनीत सायकलींना नियमानेच लागतो, तो ४०० लुमेनमध्ये जास्त रस्ता दाखवतो. समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपले तर तो तुमच्याच अंगावर येऊ शकतो. ८००-१००० लुमेनची गरज आरे कॉलनीतल्या झाडाखालच्या रस्त्यासारख्या काळोख्या ठिकाणी किंवा शहराबाहेर पडते. पुढे लुकलुकणारा मोड रात्री वापरू नका, खड्डा एका लुकलुकीत असतो आणि पुढच्या लुकलुकीत नसतो.

झोत लावायची रीत अशी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, सायकलवर बसा. हँडलवरचा दिवा जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असतो. गोल झोत असेल तर उजळ मध्य भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा ३० ते ३५ सेंटीमीटर खाली यायला हवा, म्हणजे तो रस्त्यावर १५ मीटरच्या आसपास टेकेल. ताशी २५ किलोमीटरला तुम्ही सेकंदाला ७ मीटर जाता. खड्डा दिसणं, ब्रेक दाबणं आणि थांबणं यात एवढं अंतर सहज जातं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त, म्हणून पावसात वेगच कमी ठेवा. सपाट झोताची वरची कड दिव्याच्या उंचीच्या थोडी खाली ठेवा. मग ब्रॅकेटवर पेनाने खूण करा, कारण काँक्रीटच्या सांध्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर आदळून दिवा हळूहळू खाली झुकतो. ब्रॅकेट घेताना हँडलचा व्यास मोजा. मध्यभागी ३१.८ किंवा २५.४ मिलिमीटर असतो, पकडीकडे २२.२. सैल बसला तर जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये घाला.

पाण्याचं रेटिंग वाचायला शिका. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स६ म्हणजे जोराची धार, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. इथल्या पावसाला आयपीएक्स६च्या खाली जाऊ नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण हेच कमकुवत ठिकाण असतं. ओला दिवा लगेच चार्जिंगला लावू नका, आधी झाकण उघडून रात्रभर कोरडा होऊ द्या. तुमचा परतीचा प्रवास तासाचा धरला तर निवडलेल्या मोडमध्ये किमान दोन तास चालणारा दिवा घ्या. खोक्यावरचा सर्वांत मोठा तासांचा आकडा बहुतेक सर्वांत मंद मोडचा असतो. रविवार आणि बुधवार हे चार्जिंगचे वार ठरवून टाका.

दिव्यांइतकीच एक स्वस्त वस्तू लागते: दोन्ही घोट्यांना परावर्तक पट्टे. वरखाली होणारी दोन चमकणारी टोकं दिसली की गाडीवाल्याला लगेच कळतं, समोर पेडल मारणारा माणूस आहे. उजवा पट्टा पँट चेनपासूनही वाचवतो. फ्लुरोसंट पिवळं जॅकेट दिवसा आणि संधिप्रकाशात चांगलं, पण रात्री हेडलाइटमध्ये फक्त परावर्तक पट्टीच चमकते. डावीकडून येणाऱ्या रिक्षासाठी दोन्ही चाकांच्या रिमवर थोडी परावर्तक टेप लावा.

दहा हजारांतून आधी मागचे दोन दिवे आणि घोट्यांचे पट्टे घ्या, मग पुढचा सपाट झोताचा दिवा, मग पिनांची पेडलं आणि रुंद, कडक तळाचे बूट. मेटाटार्सल पॅडला फार पैसे लागत नाहीत. नवीन बुटात तीन-चार फेऱ्या करूनही कुर्ल्याला मुंग्या आल्या, तरच इनसोल विकत घ्या.